काळ, वेग आणि शेवटच्या डब्याची फुली

काळ-काम-वेग! हे तीन शब्द एका दमात उच्चारले की आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांच्या पोटात अजूनही गोळा येतो. इतकी वर्षं शाळेत घालवून माझं एक मत झालंय. मुलं शेकडेवारीला, सरळव्याजाला, अगदी चक्रवाढव्याजालाही एवढी भीत नाहीत, जेवढी ती समोरासमोरून सुटलेल्या दोन आगगाड्यांना भितात. मी काही गणिताची पदवीधर नव्हे हं, साधी बी.ए., तीही मराठी माध्यमातून. पण शाळेत स्कॉलरशिपचा जादा तास घ्यायला कुणी तयार नसे, म्हणून तो माझ्याकडे आला आणि निवृत्त होईपर्यंत माझ्याकडेच राहिला.

आता हे सगळं पुन्हा उकरायचं कारण म्हणजे गेले काही महिने संध्याकाळी माझ्याकडे येणारी एक मुलगी. तिचे वडील माझे विद्यार्थी. ते मला बाई म्हणतात म्हणून तीही बाईच म्हणते. पोलीस भरतीची तयारी करते आहे. ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२२ मध्ये नियम बदलले तेव्हापासून आधी मैदानी चाचणी होते, ५० गुणांची. त्यातून निवडलेल्यांची मग १०० गुणांची लेखी परीक्षा. त्यात अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान आणि मराठी व्याकरण. वेळ ९० मिनिटं. मागच्या खेपेला शेवटच्या यादीत ही दोन गुणांनी मागे राहिली. खुल्या प्रवर्गाला वयाची अट २८, हिला २६ पूर्ण. घरात 'यंदाचं शेवटचं, मग स्थळं बघू' असं बोलणं सुरू झालेलं. दोन गुण म्हणजे दोन प्रश्न. आणि उत्तरपत्रिका ताडून पाहिली तेव्हा चुकलेल्या प्रश्नांत तीन आगगाड्यांचे होते!

पहिल्या दिवशी तिने क्लासची वही दाखवली. सुरेख अक्षर, लाल शाईच्या चौकटी, आणि चौकटीत सूत्रं. खांब असेल तर एक लांबी. फलाट असेल तर दोन लांब्यांची बेरीज. दुसरी गाडी समोरून आली तर वेगांची बेरीज, मागून आली तर वजाबाकी. मी मोजली नाहीत, पण तीसेक चौकटी सहज असतील. मी म्हटलं, "अगं, हे सगळं पाठ आहे?" म्हणाली, "हो बाई." पाठ होतंच. म्हणून मी तिला एक गणित घातलं. गाडी २४० मीटर लांब, वेग ताशी ७२ किलोमीटर, पूल ३६० मीटरचा. संपूर्ण गाडी पुलावर किती सेकंद असेल? तिने झटकन लांब्यांची बेरीज केली, ६०० भागिले २०, उत्तर ३० सेकंद. पूल ओलांडायला किती वेळ लागेल असं मी विचारलं असतं तर उत्तर अगदी बरोबर होतं. मी ते विचारलंच नव्हतं.

शॉर्टकटवर माझा राग नाही. ज्याला रस्ता माहीत आहे त्याने खुशाल पायवाटेने जावं. पण रस्ताच न दाखवता तीस पायवाटा पाठ करून घ्यायच्या म्हणजे प्रश्नातला एक शब्द बदलला की पोर रानात. आणि प्रश्न काढणाऱ्याचं काम काय असतं? एक शब्द बदलणं!

आमचं गाव पुणे-मिरज मार्गावरचं. स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, वही राहू दे, चल. फलाटावर बाकड्यावर बसलो. रेल्वेच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली रंगवलेली असते, पाहिली असेलच तुम्ही. गाडी पूर्ण आली आहे, मागे डबे सुटून राहिलेले नाहीत, हे स्टेशनवरच्या माणसाला कळावं म्हणून ती असते. मी तिला सांगितलं, इंजिनाकडे बघू नकोस, फुलीकडे बघ. गाडीने खांब ओलांडला म्हणजे काय झालं? इंजिन खांबाशी आलं तेव्हा फुली एक गाडीभर मागे होती. फुली खांबापाशी आली की संपलं. म्हणजे फुली किती चालली? गाडीच्या लांबीएवढी. आता फलाट घे. इंजिन फलाटाच्या अलीकडच्या टोकाला लागलं तेव्हा फुली एक गाडीभर मागे, आणि सुटका कधी? फुली पलीकडच्या टोकाबाहेर गेली की. म्हणजे गाडी अधिक फलाट. बेरीज का करायची ते तिने पहिल्यांदा पाहिलं. मग कालचा पूल. गाडी 'संपूर्ण' पुलावर कधी आली? फुली पुलावर चढली तेव्हा. आणि कधीपर्यंत होती? इंजिनाचं नाक बाहेर पडेपर्यंत. त्या वेळात फुली ३६० वजा २४०, म्हणजे १२० मीटर सरकली. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ६ सेकंद. तिने माझ्याआधीच सांगितलं.

तेवढ्यात एक जलद गाडी न थांबता गेली. तिने डबे मोजले, मी घड्याळ धरलं. वीस डबे, २५ सेकंद. हल्लीचा एलएचबी डबा साधारण २४ मीटर लांब असतो. वीस डब्यांचे ४८० आणि इंजिनाचे वीसेक धरले तर ५०० मीटर. पंचवीस सेकंदांत ५०० म्हणजे सेकंदाला २०, ताशी ७२. तिला त्याची इतकी गंमत वाटली की पुढच्या मालगाडीसाठी आम्ही पाऊण तास बसलो. (परीक्षेतल्या गाड्या बहुतेक दीडशे मीटरच्या असतात. म्हणजे जेमतेम सहा डबे! कुठे धावतात कोण जाणे.)

किलोमीटरचे मीटर करायला ५/१८ ने गुणायचं, हे तिला पाठ होतं, पण कधी ५/१८ आणि कधी १८/५ यात घोळ व्हायचा. तासाला एक किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत १००० मीटर, त्याचंच ५/१८ होतं, हे एकदा लिहून दाखवलं. आणि मग जुन्या मास्तरकीला जागून पाढाच करून टाकला. १८ ला ५, ३६ ला १०, ५४ ला १५, ७२ ला २०, ९० ला २५, १०८ ला ३०. परीक्षेतले बहुतेक वेग याच पाढ्यातले असतात, कारण प्रश्न काढणाऱ्यालाही अपूर्णांक नकोच असतात.

खरी अडचण सरासरी वेगाची होती. जाताना ताशी ४०, येताना ६०, सरासरी किती? शंभरातले नव्वद जण ५० म्हणतात. उत्तर ४८. तिच्या वहीत त्याचं सूत्र होतं, दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज. पण ५० का नाही, हे तिला काही केल्या पटेना. मी १२० किलोमीटर अंतर धरून दाखवलं. जायला ३ तास, यायला २, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत. आकडे पटले, मन पटेना. दख्खनची राणीही सांगून झाली. १ जून १९३० पासून धावणारी, पुणे-मुंबईचे १९२ किलोमीटर जवळपास सव्वातीन तासांत काटणारी, म्हणजे सरासरी ताशी ५९ च्या आसपास. मधल्या कर्जत-लोणावळ्याच्या २८ किलोमीटर घाटात, ३७ ला १ असा चढ-उतार असताना, गाडी रांगते आणि वेळ तिथे जातो. माझ्या डोळ्यांपुढे घाट उभा राहिला, कर्जतचा बटाटेवडासुद्धा. तिच्या डोळ्यांपुढे काहीच नाही. ती कधी गेलीच नव्हती त्या गाडीने.

मग एकदा ती सकाळच्या सरावाची वही चुकून गणिताच्या वहीबरोबर घेऊन आली. मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण २० गुण. तिच्या वहीत होतं, पहिली फेरी १ मिनिट २० सेकंद, दुसरी १ मिनिट ४० सेकंद, एकूण ३ मिनिटं. फेरी ४०० मीटरची. मी म्हटलं, पहिल्या फेरीत तुझा वेग किती? ४०० भागिले ८०, सेकंदाला ५ मीटर. दुसरीत? ४०० भागिले १००, सेकंदाला ४. मग सरासरी साडेचार ना? साडेचारने ८०० मीटर धावलीस तर वेळ किती लागायला हवा? तिने भागाकार केला. १७८ सेकंदांपेक्षाही थोडा कमी आला. "पण मला १८० लागले," ती म्हणाली. आणि गप्प बसली. मीही बसले.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाई, मी चारने जास्त वेळ पळालेय. पाचने फक्त ऐंशीच सेकंद पळाले." मला शाळेत असते तर फळ्याशी जाऊन तिच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली असती, तशी घरातच मारली. कमी वेग जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून सरासरीला आपल्याकडे ओढतो. तिला हे पायांनी ठाऊक होतं, डोक्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच दमात तिने पुढचं गणितही करून टाकलं. २ मिनिटं ५० म्हणजे १७० सेकंद, ८०० भागिले १७०, सेकंदाला ४.७ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १७ किलोमीटर. "एवढ्या वेगाने सायकल मारतात लोक!" म्हणाली. पहिली फेरी ऐंशीचीच ठेवली तर दुसरी नव्वदची हवी, दहा सेकंद कुठे शोधायचे ते तिला कळलं. ते शोधायचे कसे, हे मात्र तिच्या मैदानावरच्या सरांचं काम. माझे गुडघे त्यात सल्ला देण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत.

त्यानंतर बाकीचे प्रकार भराभर गेले. चोर-पोलिसाच्या गणिताला ती खूप हसली. चोर ताशी ८ ने पळतो, पाव तासाने पोलीस ताशी १० ने मागे लागतो, कधी पकडेल? पाव तासात चोर २ किलोमीटर पुढे, दर तासाला अंतर २ ने घटतं, म्हणजे एका तासाने, १० किलोमीटरवर. "तासभर सरळ रस्त्याने पळणारा चोर मला नेमणूक मिळाली की दाखवा," म्हणाली. विरुद्ध दिशेला वेगांची बेरीज आणि एकाच दिशेला वजाबाकी करून अंतराला भागायचं, हा नियम आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात ग्रहांच्या भेटीसाठी सांगून ठेवला आहे. तो क्लासवाल्यांच्या लाल चौकटीपेक्षा बराच जुना आहे, हे मी तिला मुद्दाम सांगितलं. तिची चौकट तीच, पण आता ती जरा आदराने बघते तिच्याकडे!

'नेहमीच्या पाऊण वेगाने चालल्यामुळे २० मिनिटं उशीर झाला, तर नेहमी किती वेळ लागतो' यात क्षयज्ञ मांडायची गरजच नाही. वेग पाऊणपट तर वेळ चार तृतीयांश, जास्तीचा एक तृतीयांश म्हणजे २० मिनिटं, नेहमीचा वेळ तासभर. तोंडी.

आता आमचं भांडण आहे ते वेळेवरून. ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद, असं क्लासमध्ये सांगितलंय आणि ही गणितालाही घड्याळ लावून ५४ सेकंदांत घाम गाळते. मी म्हटलं, अगं, पुन्हा तीच सरासरी! चारही विषयांचा वाटा साधारण सारखा धर. व्याकरण आणि सामान्यज्ञान एक तर येतं नाही तर येत नाही. त्या पन्नास प्रश्नांना ३० सेकंदांप्रमाणे २५ मिनिटं दे. उरलेल्या पन्नासांना ६५ मिनिटं, म्हणजे प्रत्येकी ७८ सेकंद मिळाले की नाही? आणि ७८ मध्ये एक रेघ ओढून तिच्यावर फुली मांडायला वेळ पुरतो. उणे गुण नाहीत, तेव्हा जे जमत नाही त्यालाही शेवटी काहीतरी खूण करून यायची. पण तेही बघून. ४० आणि ६० ची सरासरी विचारली तर ५० आणि त्यावरचे पर्याय आधीच उडवायचे, मग उरलेल्यांत.

हे तिला पटलंय असं वाटतं. निदान परवाच्या सराव पेपरात १०० पैकी ७१ आले, मागच्या महिन्यात ६२ होते. घरी स्थळांचं बोलणं थांबलेलं नाही, पण वडील येऊन म्हणाले, "बाई, जाहिरात निघेपर्यंत मी घरच्यांना धरून ठेवतो." वर्गात याच आगगाड्यांना घाबरून मागच्या बाकावर बसायचा तो.

काल तिने आणलेल्या एका गणिताने मात्र आम्हा दोघींची संध्याकाळ खाल्ली. पुण्याहून नागपूरला आणि नागपूरहून पुण्याला एकाच वेळी दोन बस निघाल्या. वाटेत भेटल्या. भेटीनंतर पहिलीला नागपूर गाठायला ४ तास लागले, दुसरीला पुणे गाठायला ९ तास. दोघींच्या वेगांचं गुणोत्तर काय? क्लासच्या वहीत वर्गमुळाचं सूत्र आहे आणि उत्तर ३:२ येतं. पण वर्गमूळ कुठून आलं? शेवटी एक रेघ ओढली, भेटीच्या जागी फुली मांडली, आणि पहिलीने भेटीआधी कापलेला रस्ता दुसरी भेटीनंतर कापते एवढं दिसल्यावर सुटलं. निघाल्यापासून किती तासांनी बस भेटल्या, हे मात्र तुम्ही काढा. सूत्र न वापरता. भाचेमंडळींनी तर नक्कीच.