देगलूरचा न धुतलेला रोल

नांदेडहून देगलूरला निघालेली एस.टी. नायगाव मागे टाकून नरसीच्या फाट्याला थांबली, की प्रवाशांच्या बोलीचा रंग पालटू लागतो. देगलूरच्या बाजारात तर मराठीच्या शेजारी तेलुगू, कानडी आणि दखनी सुखाने नांदतात. भाव कोणत्या भाषेत करावा, हा प्रश्न पाहुण्याला पडतो. देगलूरकराला कधीच नाही. माझ्या आत्याचे घर याच गावात.

१९८३ च्या दिवाळीत तिच्याकडे गेलो, तो गळ्यात 'आगफा क्लिक-३' अडकवून, मोठ्या ऐटीत! एका रोलवर बारा चौकोनी फोटो. भाऊबीज आटोपल्यावर आम्ही जवळच्या होट्टलला गेलो. तिथले सिद्धेश्वराचे देऊळ अकराव्या शतकातले, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचे. मी सुरसुंदरींवर आठ फोटो उधळले. नववा आत्याचा. "कशाला रे म्हातारीचा फोटू? पुरे की!" म्हणत ती पायरीवर बसली. मग हळूच म्हणाली, "पण धाड बरं मला." मी हो म्हटले.

तीन फोटो शिल्लक होते. ते संपले की रोल धुवायला टाकू, असा माझा काटकसरी हिशेब! निघताना कॅमेरा तिच्याकडेच विसरलो आणि पुढे प्रत्येक पत्रात 'पुढच्या खेपेला नक्की' असे लिहीत राहिलो. ती गेली तेव्हाही मी फोटोविनाच तिच्या दारात उभा होतो.

२०२३ मध्ये आतेभावाने पत्र्याचा एक डबा पुढे केला. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला तोच कॅमेरा, आत तोच रोल. चाळीस उन्हाळे काढलेला!

फोटो काढताना फिल्मवरील चांदीच्या क्षारांच्या कणांत चांदीच्या मोजक्या अणूंचा ठिपका तयार होतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. धुताना मात्र रसायन त्या खुणेवरून अख्खा कण काळा करते. हवा, दमट आणि उष्णता या खुणा हळूहळू पुसतात. उलट, प्रकाश न लागलेले कणही काळाने काळवंडतात आणि सगळ्यावर धुके पसरते. रंगीत फिल्म लवकर बिघडते, कृष्णधवल अधिक टिकते. त्यातही कमी वेगाची अधिक. म्हणून 'किती वर्षे?' यापेक्षा 'कुठे ठेवली होती?' हे आधी विचारावे.

स्वीडनचा आंद्रे दोन साथीदारांसह १८९७ मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघेही बर्फात संपले. १९३० मध्ये एका बेटावर त्यांचे अवशेष सापडले, सोबत फिल्मही. तेहतीस वर्षांनंतर ती धुतली, तेव्हा सुमारे २४० पैकी ९३ फोटो हाती आले. पण तो बर्फाचा मुलूख. आमच्या देगलूरला एप्रिल-मेमध्ये सावलीदेखील पोळते.

पुण्याच्या एका हौशी मित्राने धुके आवरणारे रसायन घालून, बेताबेताने माझा रोल धुतला. नऊपैकी चार फोटो उमटले. हे श्रेय आत्याच्या माळवदी घराचे. जाड मातीच्या भिंती, काळोखे माजघर आणि कोरड्या देवळीत ठेवलेला तो डबा!

सुरसुंदरी तीनच उरल्या. चौथा फोटो आत्याचा. चेहरा फिका, आणि रोलच्या पाठीवरच्या कागदाचा ९ हा आकडा तिच्या खांद्यावर उमटलेला. हात मात्र स्वच्छ दिसतो: 'पुरे की' म्हणताना उचललेला.

तो फोटो घेऊन मी पुन्हा देगलूरला गेलो. आतेभावाने तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "आईचा एकटीचा फोटो घरात हा पहिलाच." पुढे तो काही बोलला नाही, हेच मला बोचले.

वाचकहो, यंदा दिवाळीची साफसफाई करताना एखादा जुना रोल हाती लागला, तर तो उन्हातून आणि ओलाव्यातून दूर ठेवा आणि याच आठवड्यात धुवायला टाका. फिल्म पुष्कळ वाट पाहते. ज्यांना आपण फोटो धाडण्याचे कबूल केलेले असते, ती माणसे तेवढी थांबत नाहीत.