कोळशाची खतावणी

पळस्प्याच्या फाट्यावर पुण्याची आणि गोव्याची वाट जिथे परस्परांपासून फुटतात, त्या परिसरात निवृत्तीचे दिवस कंठणाऱ्या माझ्यासारख्या जुन्या हिशेबतपासनिसाला विजेचे बिल हेही वाचनीय वाङ्मय वाटते. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क ही रकान्यांची उतरंड नजरेखालून घालताना चंद्रपूर, कोराडी, परळी येथल्या भट्ट्यांत जळणाऱ्या कोळशाचे मोल आपण चुकते करतो, एवढे कळते. परंतु सरकारने त्या कोळशाला किती हात दिला आणि त्याच्याकडून किती उचलले, याचा छडा त्या कागदावरून लागत नाही.

पश्चिम जर्मनीत तो काही अंशी लागत असे. रूरच्या खोल खाणींतला कोळसा परदेशी मालापुढे महाग पडू लागला, तेव्हा १९७४ पासून तिथल्या सरकारने वीजग्राहकांवरच एक अधिभार बसवला. तो बिलावर नावानिशी झळके, आणि म्हणूनच एका सामान्य ग्राहकाला तो नाकारून दाद मागता आली व १९९४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पुढे अनुदान थेट खजिन्यातून जाऊ लागले आणि डिसेंबर २०१८ मध्ये बॉट्रॉपची अखेरची दगडी कोळशाची खाण मिटेपर्यंत चालले.

आपल्याकडे १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बव्हंशी सरकारच खाणमालक, सरकारच वाहतूकदार आणि सरकारच करवसूल करणारे. तेव्हा डाव्या हाताने दिलेले उजव्याने घेतले तरी बोभाटा कोण करणार? २०१० मध्ये टनामागे ५० रुपयांनी सुरू झालेला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून बसवलेला उपकर २०१६ पर्यंत ४०० वर चढला, २०१७ पासून राज्यांच्या करतुटीची भरपाई करण्याकडे वळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उठला, तेव्हा वस्तू व सेवा कराचा दर ५ वरून १८ टक्क्यांवर गेला. रेल्वे कोळशाच्या वाघिणींचे भाडे भरपूर घेते आणि त्यावर उतारूंची तिकिटे स्वस्त राखते. म्हणजे पनवेलला गाडीत चढणारा प्रवासीही कोळशाचा लाभार्थीच, हे त्याच्या गावीही नसते. उलटपक्षी, जानेवारी २०२४ मध्ये कोळशाच्या वायूकरणासाठी केंद्राने ८,५०० कोटींची तरतूद केली.

सवलतीला माझा मूळचा विरोध नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला मोफत वीज देणाऱ्या राज्याने तिचे पैसे कुठून तरी उभे करावेच लागतात. आक्षेप आहे तो निनावी नोंदींना. चंद्रपूर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत आले. तिथल्या माणसाने खोकल्याच्या औषधावर केलेला खर्च ना वीज कंपनीच्या खात्यात दिसतो, ना सरकारच्या अंदाजपत्रकात. माझ्या हाती ती खतावणी आली असती, तर ती रक्कम मी कोळशाला मिळालेल्या अनुदानाच्याच बाजूस मांडली असती.