पक्षीनगरातल्या दोघी आणि त्यांचे समीक्षक




‘टूका अँड बर्टी’ ही प्रौढांसाठीची अ‍ॅनिमेटेड विनोदी मालिका नेटफ्लिक्सवर ३ मे २०१९ रोजी आली. निर्माती लिसा हॅनवॉल्ट मूळची चित्रकथाकार. ‘बोजॅक हॉर्समन’ या गाजलेल्या मालिकेतली प्राणिमुखी माणसे तिच्याच कुंचल्यातून उतरली आणि त्या मालिकेचा कर्ता राफाएल बॉब-वॅक्सबर्ग हा तिचा शाळेपासूनचा मित्र. ही ओळख नव्या मालिकेला फायद्याची ठरली तशीच जाचकही. पहिल्या आठवड्यांतल्या बहुतेक परीक्षणांत ‘बोजॅक’शी तुलना पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदातच येते. तिथे घोड्याचे नैराश्य आणि इथे पक्ष्यांची धमाल, असा तो ठरीव मुद्दा. तो सोपा होता म्हणूनच इतक्यांनी उचलला.

कथा दोन तिशीतल्या मैत्रिणींची. टूका ही टूकन पक्षी, बेधडक, नुकतीच दारू सोडलेली. बर्टी ही गाणाऱ्या कस्तुर पक्ष्याच्या कुळातली, घाबरट, नोकरीत दबलेली, मनातून बेकरीची स्वप्ने पाहणारी. बर्टीचा प्रियकर स्पेकल तिच्याकडे राहायला येतो, टूका तिचे घर सोडून त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर जाते आणि तिथून मालिका सुरू होते. टूकाला टिफनी हॅडिशचा आवाज आहे, बर्टीला अली वाँगचा, स्पेकलला स्टीव्हन यूनचा. तिन्ही मुख्य आवाज गोरेतर कलावंतांचे असणे या प्रकारात विरळा, आणि अनेक परीक्षणांनी त्याची दखल घेतली.

मालिकेचे वेगळेपण कळण्यासाठी आधीचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. अमेरिकेत ‘द सिम्पसन्स’ (१९८९), ‘साउथ पार्क’ (१९९७), ‘फॅमिली गाय’ (१९९९), ‘रिक अँड मॉर्टी’ (२०१३) या मालिकांनी प्रौढ अ‍ॅनिमेशनचा साचा घडवला. त्यातला विनोद बहुधा बापाच्या, पोराच्या नाहीतर आजोबांच्या खोडीवर चालतो. बायका असतात त्या प्रसंग सावरायला. एमटीव्हीवरची ‘डारिया’ (१९९७ ते २००२) हा सन्माननीय अपवाद, पण तिच्यातल्या दोघी मैत्रिणी शाळकरी होत्या आणि विनोद कोरडा, हात राखून केलेला होता. तिशीतल्या बायकांचा आचरट, शारीरिक, लाज सोडलेला विनोद अ‍ॅनिमेशनमध्ये जवळपास नव्हताच. जिवंत अभिनयाच्या मालिकांत ‘ब्रॉड सिटी’ने तो आणला होता. तिचा शेवट २०१९ च्या मार्चमध्ये झाला, त्यामुळे तीही तुलनेसाठी समीक्षकांच्या हाताशी होती.

समीक्षकांनी सर्वांत जास्त लिहिले ते शरीराच्या चित्रणावर. टूका-बर्टीच्या पक्षीनगर या शहरात इमारतींना स्तन आहेत, आगगाड्या म्हणजे साप आहेत, वनस्पती माणसांसारख्या वावरतात. एका भागात कचेरीतला सहकारी बर्टीच्या छातीवरून शेरा मारतो, तेव्हा तिचा एक स्तनच वैतागून अंगावरून सुटतो आणि दारू प्यायला निघून जातो. हे चावट आहे, पण लंपट नाही. शरीर इथे पाहणाऱ्यासाठी मांडलेले नसून ज्या बाईचे ते आहे तिला त्रास देणारे, हसवणारे, कधी हातचे सुटणारे असे आहे, हा फरक चांगल्या समीक्षकांनी अचूक पकडला. काहींना मात्र सुरुवातीचे भाग अतिवेगवान आणि गजबजलेले वाटले. ती तक्रार अगदीच खोटी नाही. पहिल्या दोन-तीन भागांत विनोद एकमेकांच्या अंगावर पडतात आणि पात्रे ओळखीची व्हायला सवड मिळत नाही.

मत फिरले ते पहिल्या सीझनच्या उत्तरार्धात. बर्टी ज्याच्या हाताखाली शिकते तो नामांकित बेकर पेस्ट्री पीट तिच्यावर अधिकार गाजवतो, आणि तिला त्यात भीतीबरोबर आकर्षणही वाटते. पुढे त्याच्याकडे दुसरी शिकाऊ मुलगी येते, आणि बर्टीने तिला वेळीच सावध केलेले नसते. ‘मी टू’ची लाट २०१७ मध्ये उसळल्यानंतर त्या विषयावर पडद्यावर बरेच काही आले होते. त्यात पीडितेच्या मनातला असा गुंता दाखवण्याचे धाडस थोड्यांनीच केले. नवव्या भागात बर्टीच्या बालपणीच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट उलगडते, ती प्रत्यक्ष कृत्य न दाखवता. पक्ष्यांची ही मालिका इतक्या जड विषयाला पेलते कशी, या प्रश्नाचे उत्तर समीक्षकांनी चित्रशैलीत शोधले. ते अर्धेच बरोबर. दुसरे अर्धे उत्तर मैत्रीत आहे. टूकाचा उथळपणा आणि बर्टीचे भय एकमेकांना टेकून उभे असतात आणि त्यांचे भांडण हीच मालिकेची खरी कथा होते. प्रियकर, नोकरी, आजार हे सगळे त्या भांडणाला निमित्त.

रॉटन टोमॅटोज या परीक्षणे गोळा करणाऱ्या संकेतस्थळाच्या मोजणीत पहिल्या सीझनच्या अनुकूल परीक्षणांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या बरेच वर होते. सामान्य प्रेक्षकांचा आकडा त्याहून खाली. समीक्षकांची पसंती असूनही २४ जुलै २०१९ रोजी, म्हणजे तीन महिनेही पुरे होण्याआधी, नेटफ्लिक्सने मालिका थांबवली. समीक्षकांचा संताप आणखी एका कारणाने वाढला. ‘बोजॅक’च्या २०१४ मधल्या पहिल्या सीझनला परीक्षणे संमिश्र होती. तिला दुसरा सीझन मिळाला आणि पुढे चार. स्त्रीने निर्माण केलेल्या, अधिक वाखाणलेल्या मालिकेला तेवढी सवड मिळाली नाही.

मे २०२० मध्ये अ‍ॅडल्ट स्विम वाहिनीने ती पुन्हा उभी केली. स्त्री-निर्मात्यांच्या अभावावरून याच वाहिनीवर २०१६ मध्ये टीका झाली होती, त्यामुळे या निवडीचे स्वागत जरा जास्तच मोकळ्या मनाने झाले. दुसरा सीझन १३ जून २०२१ ला सुरू झाला. त्यात बर्टी समुपदेशन घेते आणि टूका कारा नावाच्या परिचारिकेच्या गुदमरवणाऱ्या प्रेमात अडकते. विनोदाचा वेग आता आटोक्यात होता, आणि बऱ्याच समीक्षकांना हा सीझन पहिल्याहून पक्व वाटला. तिसरा १० जुलै २०२२ ला आला. त्याच वर्षी विलीनीकरणातून वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी ही कंपनी उभी राहिली, वाहिनीची मालकी तिच्याकडे गेली आणि खर्चकपात सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये ३० भागांवर मालिका संपली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनचे रॉटन टोमॅटोजवरचे गुण पहिल्यापेक्षाही वरचे दिसतात, पण ते जपून वाचावेत. पहिल्या वेळी झाडून सगळ्या वृत्तपत्रांनी लिहिले होते. नंतर लिहिणारे कमी होत गेले, आणि जे उरले ते बहुतेक आधीपासूनचे चाहते होते.