भैरवाचे श्वान
कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या कुशीत वसलेल्या कुंभकोणमची शिवालये पाहावयास जावे, तो भैरवाच्या मूर्तीमागे त्याचे श्वान उभे दिसते. तेथे आपण हात जोडतो. बाहेरच्या गल्लीत मात्र त्याच प्राण्यावर दगड उगारतो. ही भीती निराधार नव्हे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. श्वानसेवकांची रोजची कसोटी येथेच लागते. जखमी कुत्रे उचलून आणणे त्यामानाने सोपे. २०२३ च्या नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरणानंतर ते सामान्यतः मूळ गल्लीतच सोडावयाचे असते. ‘पुन्हा येथेच का?’ म्हणून रहिवासी रागावतात. पण रिकाम्या जागी लस न टोचलेली नवी कुत्री येतात. हे घरोघर शांतपणे समजावीत राहणे, हेच या सेवेतील सर्वांत अवघड काम होय.