शून्यापर्यंतची मोजणी

शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर मोजायचं तर डोंगरावर जावं लागतं, असं बहुतेकांना वाटतं. गरुडाच्या बाबतीत ते खरंही आहे. जड अंगाच्या पक्ष्याला पंख मारत हजारो किलोमीटर जाणं परवडत नाही. डोंगराला अडून वर चढणारा वारा आणि तापल्या जमिनीवरून उठणारी ऊन हवा यांच्यावर तरंगत तो जातो. म्हणून वसंतात धरमशालेजवळ हिमालयाच्या कडेने परतणारे स्टेप गरुड एका जागी बसून मोजता येतात. आमच्या वाशीम जिल्ह्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आहेत, पण पाखरांची वाट एका खिंडीत गोळा करतील एवढे ते उंच नाहीत. शिवाय आमचा पाहुणा वेगळा आहे. तो भोवत्या, म्हणजे हॅरियर. लांब पंखांचा, हलक्या अंगाचा. त्याला डोंगराचा आधार लागत नाही. शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात पांगून तो येतो आणि तसाच परत जातो. त्याला आभाळात मोजता येत नाही. तो मुक्कामाला उतरतो तिथे मोजावा लागतो.

दिवसभर एकेकटा हिंडणारा हा पक्षी रात्री मात्र सोबतीने राहतो, आणि तोही झाडावर नव्हे, गवतात, जमिनीवर. या जागेला आम्ही रातथारा म्हणतो. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आणि त्याच्या भोवतालची गवताळ रानं भोवत्याला मानवतात. कुसळी, पवन्या, मारवेल गुडघ्याच्या वर वाढलेलं आणि माणसाची वर्दळ कमी, एवढंच त्याचं मागणं. रातथाऱ्याची नेमकी जागा मी कधी लिहीत नाही. तिथे गर्दी झाली की पक्षी जागा सोडतो.

मार्चच्या मध्यात आमच्याकडे साडेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. त्याच्या तासभर आधी, मावळतीकडे पाठ करून, रातथाऱ्यापासून चांगलं लांब बसायचं. तिघे असलो तर रान तिघांत वाटून घेतो. दर पाच मिनिटांची वेगळी नोंद ठेवायची. पक्षी उतरला की अधिक, उठून निघून गेला की उणे. हे उणे महत्त्वाचं आहे, कारण भोवत्या सरळ झोपायला जात नाही. आधी शेजारच्या नांगरलेल्या वावरात ढेकळांवर बसतो, पुन्हा उठतो, घिरट्या घालतो, उतरतो, परत उठतो. उणे न मांडता लिहिलेला आकडा दुप्पट होऊ शकतो. अंधार दाटला की गवतावर नजर ठेवून उपयोग नसतो. तेव्हा आडवं होऊन क्षितिजावरच्या उजेडाच्या पट्टीवर पक्षी पकडायचे. उरलेसुरले पाच-सहा तिथेच सापडतात.

नर येताना पाहण्यासारखा असतो. राखाडी, जवळजवळ पांढरा, गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीने, पंख किंचित वर उचलून धरलेला. उतरायच्या जागी आला की पाय खाली सोडतो, क्षणभर वाऱ्यावर थबकतो आणि गवतात शिरतो. त्या एवढ्या वेळात पंख वाचायचा असतो. पंखावर मधोमध काळी पट्टी दिसली तर माँटेग्यूचा भोवत्या, फक्त टोकाशी काळी पाचर दिसली तर पांढुरका. मादी आणि पिल्लं दोन्ही जातींत तपकिरी असतात. संध्याकाळच्या उजेडात ती वेगळी काढणं बहुतेक वेळा शक्य नसतं. त्यांच्यासाठी वहीत ‘तपकिरी, जात अनिश्चित’ असा रकाना असतो, आणि चांगल्या वहीत तोच सर्वांत भरलेला असतो. अंदाजाने जात लिहिण्यापेक्षा तो रकाना भरणं हे या कामातलं खरं कसब आहे, असं माझं मत आहे.

एकदा गुरं घेऊन परतणारे एक मामा थांबले. “काय मोजून रायले भाऊ?”

“पाखरं, मामा.”

“मोजून काय भेटते?”

मी त्यांना सकाळी वेचलेली गोळी दाखवली. सगळे पक्षी उडून गेले आणि ऊन चढलं की आम्ही कधीमधी रातथाऱ्यात जातो. न पचलेलं जे भोवत्या ओकून टाकतो त्याच्या करड्या, कोरड्या गोळ्या तिथे दबलेल्या गवतात पडलेल्या असतात. मामांनी ती तळहातावर चुरली. “हे तं नाकतोड्याचे पाय हायेत!” त्यात चंडोलाचं पीस आणि उंदराचं बारीक हाडही होतं. हरभरा-तुरीच्या वावरात हा पक्षी दिवसभर काय करतो, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

पण मोजून काय मिळतं, हा त्यांचा प्रश्न त्याहून मोठा होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरावर माणसं दर हंगामात शिकारी पक्ष्यांना गोळ्या घालत. १९३४ साली रोझली एज या बाईंनी तो डोंगर ताब्यात घेऊन शिकार थांबवली. तेच हॉक माउंटन. त्याच वर्षी तिथे मोजणी सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षं चालली. कशासाठी मोजायचं, याचं उत्तर तेव्हा कोणापाशी नसेल. पण डीडीटीचा वापर वाढल्यावर त्या वह्यांत पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची पिल्लं कमी कमी होत गेलेली दिसली, आणि १९६२ साली रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये तो पुरावा मांडला. आपल्याकडे गुजरातेत वेळावदरच्या गवतात नव्वदच्या दशकात एका संध्याकाळी हजाराहून अधिक भोवत्ये उतरत. देशातल्या अनेक रातथाऱ्यांवर त्यांची संख्या पुढे घटली, हेही मोजणाऱ्यांमुळेच कळलं.

वसंतातली मोजणी हिवाळ्यातल्या मोजणीपेक्षा अवघड असते, कारण तिच्यात आकडा उतरत जातो. पळस फुलतो, होळी होते, हरभरा निघतो आणि पाखरं कझाकस्तान, रशियाच्या गवताळ मैदानांकडे निघू लागतात. दर आठवड्याला रातथारा पातळ होतो. याच दिवसांत मोजणारे गळतात, कारण चार पक्ष्यांसाठी कोण जाणार? पण शेवटचा पक्षी कधी गेला हे कळायचं, तर तो गेल्यानंतरच्या संध्याकाळीही तिथे बसावं लागतं. तीच वेळ, तीच जागा, तेवढाच वेळ. मग लिहायचं शून्य. न जाता सोडलेला कोरा रकाना आणि बसून लिहिलेलं शून्य यांत फार फरक आहे. पहिल्यातून काहीच कळत नाही. दुसऱ्यातून हंगाम कधी संपला ते कळतं. आणि पुढल्या वर्षी ते शून्य महिनाभर आधी आलं, तर विचारता येतं: पाखरं गेली, की रान गेलं?

रान जातंच आहे. आमच्या वऱ्हाडात गावोगाव ई-क्लास जमिनी आहेत. कागदावर ती चराईची सरकारी जमीन, बोलण्यात पडीक. पडीक म्हटलं की तिच्यावर काहीही आणता येतं: अतिक्रमण, मुरमाची खाण, चर खणून लावलेली झाडं. ऐन मार्चात कोणीतरी काडी लावतो आणि पाखरं निघायच्या आत गवत राख होतं. समृद्धी महामार्ग कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या हद्दीतून गेला. याच गवतात पावसाळ्यात तणमोर येतो, जो जगातून नाहीसा व्हायच्या बेतात आहे. फासेपारधी समाजाला या रानाची जाण पिढ्यान्‌पिढ्या आहे. गवत वाचवायच्या कामात तो समाज उतरला आहे, ही मला मोठी आशेची गोष्ट वाटते.

तेव्हा मामांना मी जे सांगितलं, तेच इथे सांगतो. ग्रामसभेत एखाद्या ई-क्लास जमिनीचा विषय निघाला की ‘तिथे काहीच नाही’ हे वाक्य ठरलेलं असतं. त्याला उत्तर द्यायला भावना पुरत नाही. तारीख, वेळ आणि आकडा लागतो. ज्याच्या गावाजवळ असं गवत आहे त्याने फेब्रुवारीपासून आठवड्यातली एक संध्याकाळ त्याला द्यावी आणि शून्य लागेपर्यंत मोजणी सोडू नये.