निष्ठेचा देव

उमरेडच्या बसस्थानकाजवळ संध्याकाळ झाली की चायनीजच्या गाड्यांवर दिवे पेटतात. कढईखाली भडकलेली ज्योत, लालभडक भात, कोबीचा ढीग, आणि पाटीवर तोंडातून आग ओकणारा ड्रॅगन. आमच्या घरची मुले सावजी रश्शापेक्षा मंचुरियनवर अधिक जीव टाकतात. गाडीवर 'हलाल' लिहिलेले असले की आमचीही हरकत नसते. पण गाडीमागे उभा असलेला पोरगा भिवापूरचा, नाहीतर कुहीचा. चिनी माणूस आमच्या गावात कोणी पाहिला आहे? मग ही चव आली कोठून, असा प्रश्न आम्हा दोघांना निवृत्तीनंतर पडला. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

नागपूर स्टेशनावर उभे राहिले की एका बाजूची गाडी मुंबईला जाते, दुसऱ्या बाजूची हावड्याला. दोन्ही टोकांना बंदर, आणि दोन्ही बंदरांत एके काळी चिनी मोहल्ला. ज्ञानासाठी चीनपर्यंत जा, हे वाक्य आपल्याकडे हदीस म्हणून सर्रास सांगितले जाते. मुहद्दिसांनी त्याची सनद कमकुवत ठरवली आहे, तो भाग वेगळा. आम्हाला तर एवढ्या लांब जायचेही कारण नव्हते. हावड्याचे तिकीट काढले.

कोलकात्यात पहाटेची नमाज नाखुदा मशिदीत पढली. कच्छी मेमन जमातीने बांधलेली ही मशीद. तिचा पाया १९२६ साली घातला गेला. तेथून थोडे चालले की टिरेटा बाजार. सकाळी सहाच्या सुमारास रस्त्याच्या कडेला वाफाळती भांडी मांडली जातात. पाव, मोमो, माशाच्या गोळ्यांचे सूप, तांदळाच्या पिठाचे पदार्थ. दोन-तीन तासांत सगळे आवरते. डुकराचे मांसही तेथे सर्रास असते, म्हणून आम्ही जरा बिचकतच उभे होतो. एका वृद्ध चिनी बाईंनी आमची दाढी आणि ओढणी पाहिली आणि आम्ही काही विचारण्याआधीच हिंदीत म्हणाल्या, "ये आपके लिए नहीं है. इधर वाला देखिए, तिल का है." तिळाचे तळलेले गोड गोळे त्यांनी कागदात बांधून दिले. बाजूच्या मशिदीमुळे कोणाला काय चालते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असणार.

हे लोक आले कधी? अठराव्या शतकात, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, तोंग अच्यू नावाच्या चिनी माणसाने बजबजजवळ हुगळीकाठी जमीन घेऊन साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. तेथे अच्यूची लाल रंगाची, घोड्याच्या नालाच्या आकाराची कबर आहे आणि चिनी नववर्षानंतर त्याचे लोक तिच्या जियारतीला जातात. (आमचा शब्द आहे, दुसरा सुचत नाही.) मागाहून सुतार आले, चांभार आले, दातांचे डॉक्टर आले. हक्का लोकांनी टँगरा भागात कातडी कमावण्याचे काम धरले. त्या कामाचा इतरांना विटाळ होता, यांना नव्हता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे ते कारखाने बांतलाला हलवण्याचा आदेश दिला. आता टँगऱ्यात हॉटेले उरली आहेत. तेथेच एक चिनी काली मंदिर आहे, त्यात प्रसाद म्हणून नूडल्स चढवतात.

बाजार उठल्यावर एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांच्याशी बोलता बोलता १९६२ चा विषय निघाला. ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटले आणि महिन्याभरात थांबले. पण तेवढ्यात कायदा बदलला. येथेच जन्मलेली, चिनी भाषा धड न येणारी माणसेसुद्धा परकी ठरू लागली. सुमारे तीन हजार चिनी वंशाचे लोक, बायका-मुलांसह, राजस्थानातील देवली येथील छावणीत नेऊन ठेवले गेले (आपली वर्ध्याची देवळी नव्हे). त्यांत आसाम आणि दार्जिलिंगकडचे बरेच होते. काहींना तर वर्षानुवर्षे सुटका नव्हती. जे घरी राहिले त्यांना पोलिसांत नोंद आणि गाव सोडायला परवानगी. "हम यहीं पैदा हुए, अब्बा भी यहीं," चहा संपवत म्हातारे म्हणाले, "फिर भी बोले, काग़ज़ दिखाओ." त्यांनी वडिलांसाठी 'अब्बा' हाच शब्द वापरला. कागद म्हणताच आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, बोललो काही नाही.

त्यानंतर पुष्कळांनी देश सोडला. टँगऱ्याचे कितीतरी लोक टोरांटोला गेले. माणसे गेली, चव मात्र पसरत राहिली. कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण आणि हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळून तळलेले कोंबडीचे तुकडे त्यात सोडले आणि त्याला मंचुरियन म्हटले. मंचुरियाचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमच्या बसस्थानकावरचा पदार्थ तो हाच, फक्त त्यात कोंबडीच्या जागी बहुधा कोबी असते.

पुढे मुंब्र्याला भाच्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याला घेऊन डॉकयार्ड रोडला उतरलो. माझगावच्या नवाब टँक रोडवर एक साधी दुमजली इमारत आहे, लाल दारामुळे तेवढी ओळखू येते. हे सी यूप कून, मुंबईत उरलेले एकमेव चिनी देऊळ. सी यूप म्हणजे चार परगणे. कँटन प्रांतातल्या त्या चार परगण्यांतून आलेल्या खलाशांनी आणि गोदीतल्या कारागिरांनी ते १९१९ साली उभारले. त्या काळी आसपास चिनी वस्ती होती, आता तिचा मागमूस नाही.

खालच्या मजल्यावर करुणेची देवी क्वान यिन. अरुंद जिन्याने वर गेले की लाल-सोनेरी देव्हारा, उदबत्त्यांचा धूर, कंदील, आणि नंबर घातलेल्या बांबूच्या काड्यांचे भांडे. भांडे हलवायचे, जी काडी पडेल तिच्या नंबरावरून भविष्य सांगतात. फाल काढणे आपल्यात मना, म्हणून आम्ही हात लावला नाही. भाच्याला मात्र फार मोह झाला होता.

वरचा देव क्वान कुंग. हा खरा तर माणूस, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा सेनापती. ज्याला शब्द दिला त्याला अखेरपर्यंत सोडले नाही, एवढ्यासाठी लोकांनी त्याला देव केले. निष्ठेचा देव. आम्ही त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिलो. ज्यांनी परक्या मुलखात पोट भरायला येऊन आधी निष्ठेचे देऊळ बांधले, त्यांच्याच मुला-नातवांच्या निष्ठेची तपासणी त्रेचाळीस वर्षांनी पोलीस ठाण्यात झाली!

चिनी नववर्षाला तेथे गर्दी होते, मुंबईत राहिलेली घरे त्या दिवशी एकत्र येतात. पाहायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत ती तारीख विचारून जावे. माझगावातच पहिल्या आगाखानांचा हसनाबादचा मकबरा आहे, १८८४ चा, पांढराशुभ्र. दोन्ही एका सकाळीत होतात. जिना मात्र फार उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी कठडा धरून चढावे.