ताईचं पाणी

कोल्हापूरहून गोव्याला जायचे रस्ते तीन-चार आहेत आणि प्रत्येक कोल्हापूरकराचं त्यांबद्दल ठाम मत असतं. आमच्या गाडीच्या मागच्या रॅकवर दोन सायकली बांधलेल्या होत्या, म्हणून मत ताईचं चाललं : निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. या रस्त्याला हादरे कमी बसतात म्हणाली, आणि तरी आजरा येईपर्यंत दोनदा गाडी थांबवून पट्टे तपासले.

ऑक्टोबर २०२४चा शेवटचा आठवडा. रविवारी, २७ तारखेला शर्यत आणि सोमवारी वसुबारस. घरी चकलीची भाजणी दळून आलेली होती आणि आम्ही दोघी बहिणी, मी पंचेचाळिशीची आणि ती पन्नाशीला टेकलेली, समुद्रात पोहायला चाललो होतो. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "दिवाळीनंतर नसते का गं ही शर्यत?"

शर्यतीचं नाव आयर्नमॅन ७०.३. आकडा मैलांचा आहे, किलोमीटरमध्ये ११३. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि लगेच २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. त्याची सुरुवात १९७८च्या फेब्रुवारीत हवाईच्या ओआहू बेटावर झाली. जॉन आणि जुडी कॉलिन्स या जोडप्याने बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एका दिवसात जोडल्या. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. त्यांत बाई एकही नव्हती. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. ही माहिती ताईची. ती शाळामास्तरीण असल्यामुळे माहिती देते तेव्हा आपण वहीत लिहून घेतोय अशी तिची समजूत असते.

घाट उतरताना तिने याच खेळातल्या ब्रिटिश ब्राउनली बंधूंची गोष्ट काढली. सप्टेंबर २०१६, मेक्सिकोतलं कोझुमेल. धाकटा जॉनी सगळ्यांच्या पुढे होता आणि शेवटच्या काहीशे मीटरांत उन्हाने त्याचे पाय लटपटायला लागले. मागून थोरला अ‍ॅलिस्टर आला, स्वतः जिंकायची संधी सोडून त्याने भावाला खांद्याचा आधार दिला, ओढत नेलं आणि अंतिम रेषेपलीकडे अक्षरशः ढकललं. तोवर दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन जिंकून गेला होता. जॉनी दुसरा, अ‍ॅलिस्टर तिसरा. जगाने टाळ्या वाजवल्या आणि खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम बदलला : एका खेळाडूने दुसऱ्याला हात देऊन पुढे न्यायचं नाही, नेलं तर दोघंही बाद.

"तेव्हा मी पडले तर उचलायचं नाही," ताई म्हणाली. "बघायचं आणि पुढं जायचं."

"आणि मी पडले तर?"

"तू पडतीयस कशाला!"

बांद्याच्या पुढे पत्रादेवीला हद्द ओलांडली आणि गावोगाव रस्त्याकडेला नरकासुर दिसायला लागले. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याला जाळतात. त्याच्या आधी वाड्यावाड्यांतली पोरं रात्र-रात्र जागून बांबू, गवत आणि कागदाचा राक्षस उभा करतात. म्हापशाजवळ एकाला अजून डोकं बसवायचं होतं. पर्वरीचा उतार संपून मांडवीचा पूल आला तेव्हा ताई एकदम गप्प झाली. पुलावरून नदी किती रुंद दिसते! आणि आम्हांला पोहायचं होतं ते ही नदी जिथे समुद्राला मिळते त्या मिरामारच्या किनाऱ्यावर.

ताईला पाण्याची भीती वाटत नाही. पण तिचं पाणी उशिराचं आहे, आणि ते का, हे सांगायला हवं. आमच्या गावी मळ्यात मोठी विहीर आहे. काका उन्हाळ्यात सगळ्या पोरांच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून आत सोडायचा. माझा डबा सुटला, मी पोहायला लागले आणि पुढे शाळेच्या पोहण्याच्या स्पर्धांपर्यंत गेले. ताईचीही पाळी आली होती. पण त्या उन्हाळ्यात ती बारा वर्षांची झाली, आणि आजीने सांगितलं की आता थोरलीने विहिरीवर जायचं नाही. भांडण झालं नाही, कुणी रागावलंही नाही. तिने काठावर बसून आमचे कपडे सांभाळायचे, एवढंच ठरलं. पोहायला ती शिकली चाळिशीनंतर, तरण तलावाच्या उथळ बाजूला, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत. बाकी कोल्हापूर हे तालमींचं आणि पाण्याचं गाव. ऑलिंपिकला गेलेला वीरधवल खाडे इथलाच. त्याच गावात एका मुलीचं पाणी तीस वर्षं लांबलं.

सायकल मात्र तिचीच. शाळेवर जायला-यायला आयुष्यभर तिने सायकलच वापरली. जोतिबाचा चढ ती गप्पा मारत चढते आणि मी मागे दात-ओठ खात असते.

शनिवारचा दिवस पिशव्या भरण्यात गेला. या खेळात पिशव्यांचं प्रस्थ फार. निळीत सायकलचं सामान, तांबडीत धावण्याचं, आणि पांढरीत शर्यतीनंतरचे कपडे. सायकल आदल्या दिवशीच ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जायच्या आवारात, आपापल्या नंबरच्या दांडीवर लटकवून यायची. शेकडो सायकली, त्यांतल्या कित्येकींची किंमत आमच्या मोटारीच्या जवळपास जाणारी. ताईने आपली लटकवली, हँडलवर हात फिरवला आणि म्हणाली, "चल, जेवू." गोव्यात येऊन वरण-भात जेवायचा म्हणजे शिक्षाच. शेजारच्या टेबलावर सुंगटांचं हुमण आलं होतं आणि आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो. आदल्या रात्री मासळी नको, हा ताईचा नियम.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपाशी फिरायला आलेल्या लोकांची गर्दी होती. पलीकडे आग्वादचा किल्ला धूसर दिसत होता. पाण्यात केशरी बोया टाकलेल्या होत्या. काठावरून पाहिलं तर शेवटची बोया फार लांब वाटते, आणि पाण्यात उतरलं की ती दिसतच नाही.

पहाटे अंधारात पोचलो. डाव्या घोट्याला टायमिंग चिप, डोक्याला टोपी. पाणी कोमट होतं, त्यामुळे वेटसूटचा प्रश्नच नव्हता, २४.५ अंशांच्या वर तो वापरता येत नाही. सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, थोड्या-थोड्या जणांना काही सेकंदांच्या अंतराने सोडतात आणि प्रत्येकाचं घड्याळ त्याच्या चिपबरोबर सुरू होतं. पोहण्याची मर्यादा एक तास दहा मिनिटं. तेवढ्यात बाहेर आला नाहीत तर चिप काढून घेतात आणि दिवस तिथेच संपतो.

समुद्राचं पोहणं तलावाहून निराळं आहे. आम्ही राजाराम तलावात सराव केला होता, तिथे श्वास घ्यायला मान वळवली की हवा मिळते. इथे कधी हवा मिळते, कधी खारट घोट. बोया बघायची तर लाटेच्या माथ्यावर असताना डोकं उचलायचं. खळग्यात असताना उचललं तर समोर पुढच्याचे तळवे तेवढे दिसतात. कुणाची टाच कपाळाला लागली, कुणाचा हात पाठीवर पडला. पण मला पाण्यात मजा येते, हे लपवण्यात अर्थ नाही. पन्नास मिनिटांच्या आत मी वाळूवर उभी होते.

आणि तिथे मी थांबले. थांबायचं नसतं. पण मी पाण्याकडे वळून टोप्या बघत राहिले. सगळ्या टोप्या सारख्याच दिसतात. एक स्वयंसेवक मुलगा कोकणीत म्हणाला, "बाये, वच, वच!" तेव्हा निघाले.

सायकलवर हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय दांडीवरून सायकल उचलायची नाही, आखलेल्या रेषेच्या पुढे जाऊनच बसायचं, असे बारीक नियम पुष्कळ. मोठा नियम ड्राफ्टिंगचा. पुढच्याच्या मागे चिकटून गेलं की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते, म्हणून ते बंद. दोन सायकलींत १२ मीटर अंतर ठेवायचं. ओलांडायचं असेल तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे जायचं, आणि ज्याला ओलांडलं त्याने मागे सरकून पुन्हा १२ मीटर पाडायचे. शेजारी-शेजारी चालवणं तर नाहीच. बहिणीबरोबर शर्यत करतेय म्हटल्यावर माझ्याबरोबर बँकेत काम करणाऱ्या बायकांना वाटलं होतं की आम्ही दोघी गप्पा मारत ९० किलोमीटर जाणार. गप्पा मारल्या तर दंडाच्या तंबूत उभं करतात.

रस्ता चढउतारांचा आणि पुन्हा-पुन्हा त्याच वाटेने वळून येणारा. त्यामुळे समोरून येणारे दिसत राहतात. पहिल्या फेरीत मी समोरच्या प्रत्येक सायकलीकडे बघत होते आणि ताई दिसत नव्हती. पोहण्यातच बाद झाली असेल का? तसं झालं तर ती रडणार नाही, आल्या-आल्या पिशव्या मोजायला लागेल, हे मला ठाऊक होतं. मग एका वळणाच्या अलीकडे समोरून निळी जर्सी आणि ती ओळखीची ताठ पाठ आली. मी ओरडले. तिने हँडलवरून एक बोट उचललं. पाण्यातून मर्यादेच्या पाच-सहा मिनिटं आधी बाहेर पडली होती, हे नंतर कळलं.

शेवटच्या टप्प्यात तिने मला गाठलं. ओलांडताना म्हणाली, "खाल्लंस का काही?" आणि २५ सेकंदांच्या आत निघूनही गेली. मी नियमाप्रमाणे मागे सरकले, ते अंतर वाढतच गेलं आणि मग ती दिसेनाशी झाली.

ऑक्टोबरच्या गोव्याबद्दल एक सांगून ठेवते. पावसाळा नुकताच सरलेला असतो, हवेत ओल तशीच असते आणि वरून ऊन. घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे अंग थंड होतच नाही. आमचं प्रशिक्षण जून ते सप्टेंबर, म्हणजे कोल्हापूरच्या पावसात झालेलं. छत्री लागेल तिथे आम्ही टोपी घालून धावलेलो. मिरामारला दुपारी सायकलवरून उतरून बूट घातले तेव्हा पाय दुसऱ्याच कुणाचे तरी वाटत होते. एड स्टेशनवर बर्फ, पाणी, केळी, कोला. मी बर्फ टोपीत भरून घेतला. रस्त्याकडेच्या घरांतून लोक बाहेर आले होते. एक आजोबा बागेचा पाइप घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला भिजवत होते. त्या दिवशी त्यांच्याइतका मोठा माणूस गोव्यात नव्हता.

धावण्याच्या दुसऱ्या फेरीत दोनापावल्याच्या बाजूच्या चढावर ताई चालताना दिसली. पोटात ढवळत होतं, ताकदीसाठी घ्यायचं जेल आत राहत नव्हतं. आधार द्यायचा नाही, पण दोन स्पर्धकांनी बरोबर चालायला बंदी नाही. मग चाललो. दिवसभरात प्रथमच शेजारी-शेजारी. काही गहन बोललो असू असं वाटत असेल तर तसं झालं नाही. भाजणीत धने जास्त पडलेत का, यावर बोललो. मग ती म्हणाली, "काकाची विहीर आठवते? तुम्ही उड्या मारायचा आणि मी कपडे राखत बसायचे." मी हो म्हटलं. "आज तुझे कपडे पांढऱ्या पिशवीत आहेत. कुणी राखायला नको. तू पळ."

मी घड्याळ पाहिलं. तिच्याकडे वेळ होता, चालत गेली तरी पुरणारा. मी पळाले. थांबायला हवं होतं, असं मला आजही वाटत नाही. त्या चढावर माझ्या सोबतीचा तिला उपयोग नव्हता, उलट माझी वेळ जातेय याचं ओझंच होतं.

मी पावणेआठ तासांच्या आसपास पोचले. पदक, पाण्याची बाटली, आणि कुणीतरी खांद्यावर टॉवेल टाकला. कठड्याला धरून उभी राहिले. मर्यादेची पंधरा-वीस मिनिटं उरली असताना ताई आली, शेवटचे दोनशे मीटर पळत. चेहरा मिठाने पांढरा झालेला. मला बघून पहिलं वाक्य : "कटऑफच्या आत आहे ना? नीट बघ." बंगळुरूचे खासदार तेजस्वी सूर्याही याच शर्यतीत होते आणि त्यांनी ८ तास २७ मिनिटांत ती पूर्ण केली, हे आम्ही दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. "माझ्या मागं होते," ताई म्हणाली आणि पेपर घडी घालून ठेवून दिला.

रात्री हुमण खाल्लं. दोनदा भात घेतला.

ही हौस स्वस्त नाही. प्रवेशशुल्क, सायकल, बूट, गोव्यातलं राहणं, सगळं मिळून आमच्यासारख्या नोकरदारांना जड जातं, आणि ते केलंच पाहिजे असं मी कुणाला सांगणार नाही. पण माझ्यात आणि ताईत पाण्यात जो पंधरा मिनिटांचा फरक पडला, तो वयाचा किंवा ताकदीचा नव्हता. सायकलवर तिने तो सगळा भरून काढला. तेव्हा तुमच्या गावात विहीर असेल, तलाव असेल, शिकवणारं माणूस असेल, तर पोरीला पाण्यात घाला. आणि ती बारा वर्षांची झाली म्हणून तिला बाहेर काढू नका.